बेरीज सारखी 110 च येते, मग कोन काढायचा कसा? एका त्रिकोणाची पूर्ण केस

अनोळखी कोन काढायची गणितं बहुतेक वेळा एकाच वाटेने सुटतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180, सरळ रेषेवरचे कोन मिळून 180, विरुद्ध कोन सारखे, समांतर रेषा असतील तर व्युत्क्रम कोन सारखे, एवढी शिदोरी घेऊन एकेक कोन भरत गेलं की शेवटी एक्स हाती लागतोच. ही केस अशा गणिताची आहे जिथे हे सगळं बिनचूक केलं तरी एक्स हाती लागत नाही, आणि का लागत नाही हे समजून घेणं मला उत्तरापेक्षा जास्त मोलाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय. कागद पेन्सिल घेऊन वाचा, नुसतं वाचून यातलं काही डोक्यात बसणार नाही.

आकृती अशी. एबीसी हा समद्विभुज त्रिकोण, वरचा कोन ए 20 अंशाचा आणि पायाचे दोन्ही कोन, बी आणि सी, 80-80 चे. बी पासून एक रेष काढायची जी पाया बीसी शी 60 अंशाचा कोन करेल, ती समोरच्या एसी बाजूला जिथे मिळेल तो बिंदू ई. सी पासून दुसरी रेष, ती पायाशी 50 चा कोन करेल आणि एबी बाजूला एफ मध्ये मिळेल. आता ई आणि एफ जोडा. कोन बीईएफ किती अंशाचा?

हे गणित एडवर्ड लँग्ली यांनी 1922 साली मॅथेमॅटिकल गॅझेट या नियतकालिकात मांडलं होतं, ते या नियतकालिकाचे पहिले संपादक. त्यांनी तिथे उत्तर सरळ देऊन टाकलं होतं, कोन 30 अंशाचा आहे हे सिद्ध करा म्हणून. मी मात्र मुलांना देताना उत्तर लपवून देते, कारण उत्तर माहीत असलं की मुलं मागून ओढत आणतात आणि नेमकी अडचण कुठे आहे ते दिसतच नाही.

ज्या मुलीच्या वहीवरून हे लिहितेय ती नववीतली, कोन काढण्यात एकदम तरबेज. पुस्तकातल्या आकृत्या ती बघता बघता भरून टाकते म्हणून मुद्दाम तिला हे दिलं. तिने सुरुवात छान केली. बीसीएफ त्रिकोणात बी 80, सी पाशी 50, म्हणून एफ पाशी पण 50. बीसीई त्रिकोणात बी पाशी 60, सी 80, म्हणून ई पाशी 40. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूला तिने पी नाव दिलं, तिथला खालचा कोन 180 उणे 60 उणे 50 म्हणजे 70, त्याचा विरुद्ध कोन ईपीएफ पण 70, बाजूचे दोन 110-110. बी चा उरलेला भाग 20, सी चा उरलेला 30. इथवर सगळं झरझर झालं. मग राहिले दोनच कोन, बीईएफ ला तिने एक्स म्हटलं आणि सीएफई ला वाय.

पीईएफ त्रिकोणातून आलं एक्स अधिक वाय बरोबर 110. बरोबर आहे, दोन अनोळखी आणि एक समीकरण, आता दुसरं समीकरण शोधायचं. ती वरच्या छोट्या त्रिकोणात गेली, एएफई मध्ये. तिथे ए 20, एफ पाशी 130 उणे वाय, ई पाशी 140 उणे एक्स, बेरीज 180 मांडली आणि सोडवलं तर परत एक्स अधिक वाय बरोबर 110. मग चौकोन बीसीईएफ घेतला, चार कोनांची बेरीज 360, 80 अधिक 80 अधिक 40 अधिक एक्स अधिक 50 अधिक वाय, आणि पुन्हा 110. वहीचं ते पान माझ्यासमोर आहे, तिन्ही वेळा 110 ला गोल केलाय, तिसरा गोल इतका दाबून की कागद फाटायला आलाय, आणि खाली पहिल्या समीकरणातून वाय काढून तिसऱ्यात घातल्यावर आलेलं 0 = 0.

"मॅडम, माझं कुठेतरी चुकतंय," ती म्हणाली. चुकलेलं काहीच नव्हतं, आणि हे तिला पटवायलाच बराच वेळ गेला.

मी तिला म्हटलं की एक्स ला 55 धर आणि वाय ला 55 धर, आणि सगळ्या त्रिकोणांच्या बेरजा तपास. तिने तपासल्या. सगळ्या बरोबर! मग 40 आणि 70 धरून बघ. तेही बरोबर! 110 ची कुठलीही जोडी घ्या, या आकृतीतला एकही त्रिकोण तक्रार करत नाही. म्हणजे बेरजांच्या बाजूने पाहिलं तर एक्स काहीही असू शकतो.

पण आकृतीच्या बाजूने बघा. बीसी काढली, दोन्ही टोकांना 80 चे कोन काढले, ए ठरला. 60 ची रेष काढली, ई ठरला. 50 ची काढली, एफ ठरला. मग ईएफ ही रेष हलायला जागाच कुठे आहे? आकृती पूर्ण जखडलेली आहे, म्हणजे एक्स ची किंमत एकच असणार, आणि तरी बेरजा ती सांगत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर जो गोंधळ आला ना, तो मला फार आवडतो, कारण खरी भूमिती तिथून सुरू होते. माहिती आकृतीत आहे पण कोनांच्या बेरजेत उतरलेली नाही, मग ती कशात लपलीय?

लांबीत. तिला पाया बरोबर 5 सेंमी घेऊन नीट आकृती काढायला लावली, टोकदार पेन्सिलने, आणि पी पासून ई आणि पी पासून एफ ही अंतरं पट्टीने मोजायला सांगितली. पीई साधारण 3.6 सेंमी, पीएफ साधारण 1.8 सेंमी. जवळजवळ दुप्पट. आता एक्स आणि वाय दोघं 55 असते तर पीईएफ समद्विभुज झाला असता आणि पीई, पीएफ सारखे आले असते, ते तर साफ दिसतंय की नाहीत. म्हणजे प्रत्येक त्रिकोण सुटा घेतला तर 55-55 चालतं, पण पी भोवती चारही त्रिकोण एकमेकांना चिकटवायला गेलो की शेवटच्या त्रिकोणाच्या बाजू बाकी तिघांच्या बाजूंशी जुळत नाहीत. कोनांची बेरीज ही एका एका त्रिकोणाची गोष्ट सांगते, शेजारच्या त्रिकोणाची बाजू आणि आपली बाजू एकच आहे हे तिला माहीतच नसतं.

कोनमापकाने तिने एक्स पण मोजला, 30 च्या आसपास आला. मोजून बघायला माझी अजिबात ना नाही, उलट आधी मोजून घ्यावं असंच मी सांगते, कुठे पोचायचंय ते कळतं. पण कोनमापक 30 आणि 30.4 यातला फरक दाखवू शकत नाही, त्यामुळे मोजणं म्हणजे सिद्धता नाही एवढं पक्कं लक्षात ठेवायचं.

आता मुद्द्याचं. कोन माहीत आहेत आणि लांबीची माहिती पाहिजे, तर नववीच्या मुलाकडे या दोघांना जोडणारा पूल कोणता? समद्विभुज त्रिकोण. दोन कोन सारखे तर समोरच्या बाजू सारख्या, आणि उलटही. म्हणून मी तिला एवढंच विचारलं की तुझ्या भरलेल्या आकृतीत असा त्रिकोण आधीपासून आहे का? तिने शोधला, बीसीएफ, त्यात 50 आणि 50. म्हणजे बीएफ आणि बीसी सारख्या! हे 50-50 तिने स्वतःच लिहिले होते आणि तरी त्यातली लांबी वाचली नव्हती, कारण नजर फक्त पुढच्या कोनावर होती. माझ्या अनुभवात अडकणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात, रेष सुचत नाही ही नंतरची गोष्ट.

आता बी पासून बीसी एवढी लांबी डाव्या बाजूला मिळाली, तशीच उजव्या बाजूला एसी वर मिळाली तर? सी पाशी कोन 80 चा आहे, म्हणून पायाचे कोन 80-80 असलेला समद्विभुज बनवायचा असेल तर बी पाशी 20 पाहिजेत. बी पासून पायाशी 20 चा कोन करणारी रेष काढा, ती एसी ला जी मध्ये मिळते. बीजीसी कोन 180 उणे 20 उणे 80, म्हणजे 80. म्हणून बीजी बरोबर बीसी. ही रेष आकाशातून पडलेली नाही हे मला ठासून सांगायचंय, कारण बहुतेक ठिकाणी सिद्धता अशी छापतात की "बी मधून अमुक रेष काढा" आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे आपल्याला जन्मात सुचलं नसतं. कंपासचं टोक बी वर ठेवून बीसी एवढ्या त्रिज्येचा कंस फिरवा, तो एबी ला एफ मध्ये आणि एसी ला जी मध्ये कापतो, एवढंच आहे ते.

मग पुढचं तिने स्वतः केलं आणि भराभर केलं. बीएफ बरोबर बीजी, आणि त्यांच्यामधला कोन 80 उणे 20, 60! म्हणजे बीएफजी समभुज, एफजी पण तेवढीच. आता बीजीई त्रिकोण बघा, बी पाशी 60 उणे 20 म्हणजे 40, आणि ई पाशी आधीच काढलेले 40. म्हणजे हाही समद्विभुज, जीई बरोबर जीबी. एकाच लांबीचे पाच तुकडे झाले, बीसी, बीएफ, बीजी, एफजी, जीई. आता जी पाशी सरळ रेषेवर 80 आणि 60 गेले, उरले 40, हा एफजीई कोन. जीएफ आणि जीई सारख्या, म्हणून ई पाशी आणि एफ पाशी 70-70. जीईएफ 70, त्यातून बीईजी चे 40 वजा, बीईएफ बरोबर 30 अंश. वाय आपोआप 80.

ही सिद्धता जेम्स मर्सर यांची, लँग्लींनी गणित मांडल्यावर पुढच्याच वर्षी, 1923 ला आलेली. माझ्या मते यात एक शब्द कमी करता येणार नाही.

दुसरी एक वाट आहे, तीही तिला दाखवली, कारण एकच सिद्धता बघितली की मुलांना वाटतं ती रेष म्हणजेच उत्तर. ई मधून पायाला समांतर काढा, ती एबी ला एच मध्ये मिळेल. सीएच जोडा, ती बीई ला के मध्ये छेदते. दोन्ही बाजू आरशासारख्या असल्यामुळे बीसीएच कोन पण 60, म्हणून केबीसी समभुज आणि वरचा केईएच पण समभुज. बीएफ बरोबर बीसी आहेच, बीसी बरोबर बीके, म्हणजे बीएफके समद्विभुज, शिरोकोन 20, म्हणून के पाशी 80. बी, के, ई एका रेषेत, तिथे 80 आणि 60 गेले की एफकेएच ला उरले 40. एफएचके म्हणजेच बीएचसी, तोही 180 उणे 80 उणे 60, 40. म्हणून एफएच बरोबर एफके. ईएच आणि ईके तर सारख्या आहेतच. मग एचईकेएफ हा पतंगाच्या आकाराचा चौकोन झाला, त्याचा कर्ण ईएफ हा ई च्या 60 अंशांना दुभागतो, 30. यात सममिती वापरलीय, पहिलीत वापरली नव्हती, पण बीएफ बरोबर बीसी ही गोष्ट दोन्हीकडे लागली. तिच्याशिवाय गाडी हलतच नाही.

ज्यांना साइन येतं त्यांच्यासाठी एक पडताळा, थोडक्यात. पी भोवतीच्या चार त्रिकोणांना साइन नियम लावून बाजूंची गुणोत्तरं गुणत एक फेरी मारली की गुणाकार 1 यावा लागतो, त्यातून मिळतं की साइन एक्स भागिले साइन वाय बरोबर साइन 40 आणि साइन 20 चा गुणाकार, भागिले साइन 60 आणि साइन 30 चा गुणाकार. हे साधारण 0.5077 येतं, आणि साइन 30 भागिले साइन 80 पण तेच, अगदी तंतोतंत, कारण साइन 20, साइन 40, साइन 80 यांचा गुणाकार बरोबर वर्गमूळ 3 भागिले 8 असतो. एक्स अधिक वाय 110 ठेवून एक्स वाढवत गेलं तर हे गुणोत्तर वाढतच जातं, म्हणून दुसरं उत्तर शक्य नाही. मघाशी पट्टीने मोजलेलं पीई आणि पीएफ चं जवळजवळ दुप्पट प्रमाण हेच, 1.97 च्या जवळ. म्हणजे जे दुसरं समीकरण ती शोधत होती ते होतंच, फक्त ते बेरजेचं नव्हतं, गुणाकाराचं होतं.

आकृतीत सी पाशी 50 च्या जागी 45 घेऊन साइनची हीच फेरी पुन्हा मारली तर एक्स येतो अंदाजे 22.27. ना पूर्णांक, ना काही. मग तिथे जी वाली रेष काढली तरी असे समद्विभुज त्रिकोण जुळून येणार नाहीत, कारण बीसीएफ त्रिकोणाचे कोनच 45 आणि 55 होतात. हे करून बघणं मी सोडू देत नाही. नाहीतर मुलांचा समज होतो की कुठल्याही आकृतीत हुशारीने रेष काढली की गोल आकडा मिळतो, आणि तसं नसतं. दिलेले कोन पूर्णांक असून उत्तरही पूर्णांक येणं ही मोजक्या आकृत्यांची खासियत आहे. सुसम बहुभुजाकृतीचे कर्ण कुठे कुठे एका बिंदूत मिळतात हा प्रश्न याचा सख्खा भाऊ, दोन्हीकडे शेवटी साइनचे गुणाकार सारखे केव्हा होतात हेच शोधायचं असतं. त्यावर गेरिट बोल यांनी 1936 मध्ये आणि पूनन व रुबिनस्टाइन यांनी 1998 मध्ये काम केलंय. शाळेच्या वहीतल्या एका त्रिकोणाची वाट तिथपर्यंत जाते हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

पुढच्या वेळी तिला याचंच भावंड दिलं. तोच त्रिकोण, बी पाशी तेच 60, पण सी पाशी 50 ऐवजी 70, आणि विचारलंय सीएफई. यात एफ पाशी 30 येतात, म्हणजे बीएफ बरोबर बीसी ही गोष्ट गेली, आणि तिची आवडती जी वाली रेष बसेना. पण या वेळी तिने बेरजांमध्ये वेळ घालवला नाही, एक समीकरण लिहिलं, एक्स अधिक वाय बरोबर 130, आणि लगेच सारख्या लांब्या शोधायला लागली. ई मधून समांतर काढून एच, मग के, दोन समभुज त्रिकोण, इथवर तिचं तिने केलं. पुढे अडली तेव्हा मी एके जोडायला सांगितलं. एके वरच्या 20 ला दुभागते म्हणून केएसी 10, आणि केसीए 80 उणे 60, 20. आता एएफसी त्रिकोण बघा, ए पाशी 20, सी पाशी 10. तेच दोन कोन, फक्त टोकं उलटी, आणि मधली बाजू एसी दोघांची एकच. म्हणजे दोन्ही त्रिकोण एकरूप, एएफ बरोबर सीके. एएचसी मध्ये ए आणि सी पाशी 20-20 म्हणून एएच बरोबर सीएच. मोठ्यातून छोटं वजा केलं की एचएफ बरोबर एचके, आणि एचके तर एचई एवढीच. मग एचएफई समद्विभुज, एच पाशी 80, एफ पाशी 50, त्यातून बीएफसी चे 30 गेले, सीएफई 20 अंश.